टाकीचं मागचं कुंपण

"बोलू नकोस. ऐक."

बाबांचा हा आवाज माझ्या कानातला सगळ्यात जुना आवाज. मी इतकी लहान होते की त्यांच्या गुडघ्यामागे उभी राहिले की सगळा रस्ता त्यांच्या दोन पायांच्या फटीत मावायचा. उजाडलेलं असायचं, गाड्या सुरू व्हायच्या असायच्या. लोखंडी सळईचं एक टोक जमिनीतल्या पाइपावर आणि दुसरं कानाला लावून ते असे उभे राहायचे, की वाटावं खालून कुणी त्यांना माहेरचा निरोप सांगतंय. मग सळई माझ्या कानाला. वाहणारं पाणी गुणगुणतं, गळणारं पाणी कुजबुजतं आणि बंद नळातलं पाणी नुसतं वाट बघतं, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. इतर मुलींचे वडील त्यांना बागेत न्यायचे.

सांगायचा मुद्दा असा, की पुढे एका परक्या देशाचं पाणी तोडण्याच्या कटात मी सामील आहे असा माझ्यावर जो संशय आला, त्याला घराण्याची परंपरा अगदीच नव्हती असं नाही.

मी कानाच्या मशीनचे साचे करते. बहिऱ्या माणसाच्या कानात गुलाबी लगदा भरायचा, तो घट्ट झाला की हलक्या हाताने ओढून काढायचा आणि त्या आकाराचा साचा घडवायचा. या कामात परदेशातल्या एका कंपनीने मला वर्षभर शिकायला बोलावलं. हात चांगला दिसला तर जागा कायमची. ही बातमी मी घरात सांगितली तेव्हा बाबा पाणीखात्यातून निवृत्त झाल्यानंतरचा आवडता उद्योग करत होते, म्हणजे गळत नसलेला नळ दुरुस्त करत होते. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. घर आत्या चालवायची. आत्या म्हणाली, "जाऊ दे पोरीला, धाडसी आहे." आमच्याकडे मुलीला धाडसी म्हणतात ते ती ऐकणार नाही हे कळलं की.

मी जाणार हे कळल्यावर इमारत सल्ले द्यायला आली. तळमजल्यावरच्या गृहस्थांना आम्ही सर्वज्ञ म्हणतो. त्यांनी एकदा कुठल्याशा विमानतळावर विमान बदललं होतं, तेव्हापासून परदेश हा त्यांचा विषय. ते म्हणाले, "तिकडे कुणाला स्वतःहून काही सांगायचं नाही. विचारलं तरी सांगायचं नाही." वरच्या काकू म्हणाल्या, "कुणाकडे बघून हसू नकोस गं. तिकडे हसणं म्हणजे होकार." दुसऱ्या दिवशी जिना उतरून परत आल्या. "अगदीच तोंड पाडूनही बसू नकोस. तिकडे त्याला आजार समजतात, औषधं देतात." मी विमानात बसले तेव्हा हसावं की नाही या विचाराने माझा चेहरा असा झाला होता की हवाई सुंदरीने दोनदा पाणी आणून दिलं.

निघताना आत्या दारात उभी राहिली. तिला दुःख झालं की ते ओवीच्या चालीत बाहेर पडायचं.

लेक निघाली परदेशा, बाप उभा गं दारात
डोळ्यांत नाही पाणी, सारं पाणी गं नळात.

बाबा म्हणाले, "पोचलीस की कळव," आणि आत गेले. आतून नळ सोडल्याचा आवाज आला.

परदेशातली माझी खोली म्हणजे घरमालकीणबाईंच्या दिवंगत नवऱ्याची खोली. त्याचे बूट पलंगाखाली होते आणि ते हलवायचे नाहीत अशी अट होती. पण त्या खोलीला किल्ली होती, ती माझ्या खिशात होती, आणि मी कुठे निघाले हे विचारायला जिन्यात कुणी उभं नव्हतं. जुनी सायकल मिळाली. कामावरून सुटले की दिसेल त्या रस्त्याला लागायचं. चुकायचं, भिजायचं, परत यायचं. मी त्या शहरात चुकत होते तेवढी सुखी आधी कधी नव्हते.

अडचण होती ती फोनची. बाबांचा फोन यायचा.

"जेवलीस?"

"हो."

"बरं." मग दोन देशांमधला समुद्र ऐकू यायचा. मग, "आत्याशी बोल."

एकदा गंमत म्हणून रस्त्यातल्या एका मॅनहोलच्या झाकणाचा फोटो पाठवला. सुंदर होतं, ओतीव फुलं होती त्यावर. लगेच फोन वाजला. "उलटं बसवलंय ते. बाण बघ. बाण उताराकडे पाहिजे. तिथे कुणी बघत नाही का?" बाबा बोलत होते. आत्या मागून विचारत होती, कुणाचा फोन, कोण भांडतंय. बाबा कितीतरी वेळ बोलले, आणि फोन ठेवताना म्हणाले, "अजून असली तर पाठव."

तर असा तो उद्योग सुरू झाला. मुली वडिलांना काय काय पाठवतात. मी झाकणं पाठवली. झाकणांनी बाबांचं समाधान होईना, मग व्हॉल्व्हच्या चौकटी पाठवल्या. मग नदीवरच्या पुलाखालून गेलेली मोठी पाइपलाइन, त्यासाठी मी चिखलात उतरले. मग पंपहाउस. "समोरून नको," बाबा म्हणायचे, "समोरून सगळेच रंग देतात. मागून घे. खातं कसं आहे ते मागून कळतं." मी दर रविवारी त्या शहराच्या पाठीमागे फिरत होते. ज्या वयात मुली परदेशात मनोऱ्यासमोर उभ्या राहून फोटो काढतात, त्या वयात माझ्या फोनमध्ये एकही मनोरा नव्हता.

शहराच्या टेकडीवर पाण्याची मोठी टाकी होती. तिच्या पायथ्याशी बाकावर मला तो भेटला. करडा कोट, चांगल्या शिवणीचा. मी टाकीचा फोटो घेत होते. तो म्हणाला, "लोक सूर्यास्ताचे घेतात." मी म्हणाले, "माझ्या वडिलांना सूर्यास्तात रस नाही." तो हसला. मी वरच्या काकूंना स्मरून हसले नाही, मग घरी जाऊन आरशासमोर हसून बघितलं.

करड्या कोटाला पाण्याची आवड होती. त्याने माझे सगळे फोटो पाहिले. सगळे, एक एक, मोठे करून. आजपर्यंत माझ्या आयुष्यात आलेल्या कुठल्याही पुरुषाने माझं काही इतक्या बारकाईने पाहिलं नव्हतं. "मला पाठवाल?" म्हणाला. पाठवले. पुढच्या रविवारसाठी मी गळ्यात घालायला निळा रुमाल घेतला. त्याने रुमालाकडे पाहिलं नाही. पंपहाउसचा मागचा दरवाजा आत उघडतो की बाहेर, हे विचारलं. माझ्या मनाने त्याचाही चांगला अर्थ लावला. मनाला ती सवयच असते.

त्याच आठवड्यात कंपनीतल्या मुख्य बाईंनी मला टेबलापाशी बोलावलं. हातात माझा एक साचा होता. त्यांनी तो दिव्यासमोर फिरवला, स्वतःच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "असा हात आम्ही जाऊ देत नाही." जागा कायमची. मी परत जाताना सायकल चालवली नाही, हातात धरून चालत गेले. एवढं मोठं काहीतरी बरोबर असताना घाई करू नये असं वाटलं.

फोनवर बाबांना सांगितलं. "बाबा, मला इथेच ठेवून घेतायत. वर्ष संपलं तरी मी परत येणार नाही. म्हणजे येईन, भेटायला. पण राहीन इथेच."

समुद्र ऐकू आला.

"बरं," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "त्या टेकडीवरच्या टाकीचं मागचं कुंपण कसलं आहे?"

दुसऱ्या कुणाचा बाप रडला असता, चिडला असता, निदान खोकला असता. माझ्या बापाने कुंपण विचारलं. मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, कुंपण तर कुंपण. एवढंच मागतोय माणूस.

रविवारी मी टाकीच्या मागे गेले, आणि तारेच्या कुंपणाचा फोटो घेताना पकडले गेले. दोन पोलीस आणि एक कुत्रा. कुत्र्याने माझा वास घेतला आणि माझ्याच पायाशी झोपला. पोलिसांना ते आवडलं नाही. त्यांना वाटलं, ओळखीचा आहे.

मला ज्या खोलीत बसवलं तिथे एक टेबल, प्लास्टिकच्या कुंडीत एक रोप आणि सर्दी झालेला अधिकारी होता. शेजारी दुभाषी बाई. त्या आमची भाषा पुस्तकांतून शिकल्या होत्या, माझ्याहून शुद्ध बोलायच्या. टेबलावर माझे फोटो मोठे करून मांडले होते. इतके मोठे केल्यावर कळलं की मी प्रत्येक फोटो वाकडा काढला आहे. अटकेपेक्षा ते मला जास्त लागलं.

करडा कोट परवाच पकडला गेला होता. तो तिसऱ्याच देशाचा माणूस होता, या देशाशी ज्यांचं जुनं वाकडं आहे त्यांचा. अधिकाऱ्याने नाक शिंकरून सांगितलं, की युद्ध पेटलं तर शहराचं पाणी कुठे तोडायचं याचा नकाशा तो बनवत होता, आणि त्यातला बराचसा माझा होता.

"आपले त्यांच्याशी काय नाते?" दुभाषी बाईंनी विचारलं.

मला निळा रुमाल आठवला.

"त्यांच्या फोनमध्ये," बाई खाली बघून म्हणाल्या, "आपली नोंद 'प्लंबर' अशी आहे."

यावर माझा जो चेहरा झाला तो पाहून अधिकाऱ्याला पहिल्यांदा वाटलं असावं की मी निर्दोष आहे. एवढ्या अपमानाचं नाटक करता येत नाही.

आपल्या वकिलातीतून एक साहेब आले. आपला माणूस बघून मला रडू आलं. साहेब खुर्ची पुसून बसले. "हे बघा, तुम्ही आमच्यापैकी नाही ना?"

"तुमच्यापैकी म्हणजे?"

"म्हणजे आपल्याच सरकारच्या. हेर. तसं असेल तर मला सांगू नका. नसाल तर लेखी द्या."

"तुम्हालाच माहीत असेल ना मी आहे की नाही."

"आमच्याकडे ते खातं वेगळं आहे. ते आम्हाला कळवत नाहीत. चुकून तुम्हाला नाकारलं आणि तुम्ही हेर निघालात, तर माझी बदली." असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवायला हात उचलला, काचेच्या खिडकीकडे पाहिलं आणि हात स्वतःच्या केसांवरून फिरवला.

मग मुख्य बाई आल्या. खुर्ची न पुसता बसल्या त्या एकट्याच. त्यांनी माझे साचे पिशवीतून काढून टेबलावर मांडले. वेगवेगळ्या माणसांचे कान, ओळीने. म्हणाल्या, "ही मुलगी दिवसभर हे करते. सोमवारी मला ती हवी आहे." अधिकाऱ्याने एक कान उचलला आणि कौतुकाने ठेवला. पेनाला टोपण घालत तो म्हणाला: घरच्यांनी फक्त एवढं सांगावं की निवृत्त माणसाचा छंद म्हणून फोटो मागवले, एवढं एक वाक्य नोंदवलं की विषय संपला. माझी जागा, माझी किल्ली, माझी सायकल, सगळं त्या एका वाक्यावर येऊन उभं होतं. आणि ते वाक्य खरं होतं. मला काळजी वाटली नाही.

फोन लागला. सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला होता.

"नमस्कार. येथे सुरक्षा विभागाचे अधिकारी बसले आहेत," दुभाषी बाई म्हणाल्या. "आपली कन्या सुखरूप आहे. ही छायाचित्रे आपण कशासाठी मागविलीत, इतकेच सांगावे."

पलीकडून बाबांचा आवाज आला. "सांगितलं तर सोडणार तिला?"

"अर्थातच."

"म्हणजे ती तिथेच राहणार?"

"होय. सोमवारपासून कामावरही जाईल."

मागून आत्या म्हणाली, "अरे बोल ना लवकर." बाबांनी घसा साफ केला. चौकशी समितीपुढे करायचे तसा.

"लिहून घ्या. तुमची टेकडीवरची टाकी चुकीच्या जागी आहे. पुढच्या फाटकावर पहारा ठेवलाय, मागे नुसती तार, तीही ढिली. मागून कुणी आला तर विचारणारं कोण आहे? दुसरं, टाकीतून निघणारी मोठी लाइन एकच. तिचा व्हॉल्व्ह कुंपणाच्या बाहेर. झाकणाला कुलूप नाही, फोटोत दिसतंय."

दुभाषी बाई भाषांतर करता करता हळू होत गेल्या. अधिकाऱ्याने टोपण काढलं.

"बाबा," मी म्हणाले, "नुसतं छंद म्हणून सांगा."

"अगं थांब. विचारतायत तर सांगू दे. मला खात्यात कधी कुणी विचारलं नाही." आणि ते सांगत राहिले. पंपहाउस विजेच्या एकाच तारेवर चालतं. पुलाखालचा सांधा जुना आहे. शहर कोरडं पाडायला माणसं किती लागतील ते त्यांनी सांगितलं, आणि फार लागणार नाहीत याबद्दल खेदही व्यक्त केला. मुख्य बाईंना भाषा कळत नव्हती. त्या अधिकाऱ्याच्या पेनाकडे बघत होत्या. मग त्यांनी एक एक कान उचलून पिशवीत भरायला सुरुवात केली.

"आपले वडील फार जाणकार आहेत," दुभाषी बाई म्हणाल्या. हे त्यांनी दुःखाने म्हटलं.

चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की मी हेर नाही, पण माझे वडील असू शकतात. ते हद्दीत नसल्यामुळे हद्दपार मला करण्यात आलं. करड्या कोटाच्या बदल्यात त्या देशाला आपला तिकडे पकडलेला एक माणूस परत मिळाला. दोन्हीकडे झेंडे होते म्हणे. माझ्या बदल्यात कुणी काही मागितलं नाही. घरमालकीणबाईंनी माझं सामान बांधून दारात ठेवलं होतं. पलंगाखालचे बूट मात्र होते तिथेच होते.

आता मी बाजारातल्या एका दुकानात मागच्या बाजूला बसते. साचे इथे करत नाहीत, तयार येतात. मी म्हाताऱ्या माणसांच्या मशीनमधला मळ काढते. हाताला कधीकधी लगद्याची आठवण येते.

इमारतीत मात्र माझा भाव वाढला. वरच्या काकू माझ्यासमोर हळू बोलतात, आणि हळू बोललेलं मला ऐकू आलं की नाही याची खात्री करून घेतात. सर्वज्ञ म्हणतात, "मी सांगितलं होतं, विचारलं तरी सांगायचं नाही. पण मी मुलीला सांगितलं, बापाला सांगायचं राहिलं." जो येईल तो म्हणतो, ती गोष्ट सांग. मी सांगते. कुत्रा, साहेब, प्लंबर. शेवटी बाबांचा फोन, त्यांच्या आवाजात. लोक पोट धरून हसतात. त्या सगळ्या वर्षातून माझ्या हातात काय आलं म्हणाल तर ही एक गोष्ट, आणि ती मला चांगली सांगता येते. बाबा कोपऱ्यात बसलेले असतात. लोक त्यांच्याकडे बघून म्हणतात, "भोळे आहेत हो."

परवा रविवारी सकाळी गच्चीवर सभा होती. इमारतीची पाण्याची टाकी झिरपते. बाबा लवकर वर जाऊन टाकीभोवती फिरून आले होते. सभेत उठून म्हणाले, "टाकीला काही झालेलं नाही. बाहेर पडणाऱ्या पाइपाचा सांधा गेलाय. मी करून देतो."

सर्वज्ञ म्हणाले, "यांच्या हाती पाणी नको रे बाबांनो. एका देशाचं पाणी यांनी बसल्या जागेवरून तोडलंय."

गच्ची हसली. मीही हसले. कुणीतरी म्हणालं, सांग गं ती फोनची. मी बाबांच्या आवाजात म्हणाले, "लिहून घ्या," आणि काकू हसता हसता खाली बसल्या. काम एका ठेकेदाराला गेलं. तो पूर्ण टाकी पाडणार आहे.

जिना उतरताना बाबा माझ्या पुढे होते. आमच्या मजल्यावर आल्यावर ते कठड्याला हात लावून थांबले.

"ती गोष्ट आता सांगू नकोस."

"हसतात हो लोक, तेवढंच."

"मला हसतात."

"प्रेमाने हसतात. भोळे म्हणतात, त्यात वाईट काय आहे?"

"मी भोळा नाही," बाबा म्हणाले. माझ्याकडे पाठ होती. "सगळी नोकरी चाव्या सांभाळल्या मी. कुठली लाइन कुठून जाते ते तुझ्या आईला कधी सांगितलं नाही. मंत्र्याचा माणूस घरी येऊन बसला होता, त्यालाही नाही. आणि परक्या देशाच्या पोलिसाला फोनवर उगाच सांगेन? ते मला कळत नव्हतं असं वाटलं तुला?"

मी दोन पायऱ्या वर होते. तिथून त्यांचा टाळूवरचा विरळ भाग दिसत होता.

"तू राहणार म्हणालीस तेव्हा काही सुचेना, म्हणून कुंपण विचारलं. तेव्हा मनात काही नव्हतं, खरं सांगतो. पण त्या बाई म्हणाल्या, सोडू, सोमवारी कामावर जाईल. ते ऐकलं, आणि वाटलं, मी ते एक वाक्य बोललो की गेली ही."

"बाबा, त्यांनी मला तुरुंगात टाकलं असतं तर?"

"नसतं टाकलं." आता ते वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर कामावरच्या माणसाचा भाव होता, आणि डोळे भरलेले होते. "व्हॉल्व्ह किती फिरवायचा ते मला कळतं. परत पाठवतील एवढाच फिरवला."